भिंतीवर गेलेली फांदी

नानांच्या मुग्धाचा फोन काही महिन्यांपूर्वी एका सकाळी आला. "काका, बाबा गेले. गडबड नका करू, आरामात या." नानांना ही सांगण्याची पद्धत आवडली असती. त्यांना समारंभ कसलाच सोसत नसे, स्वतःचा तर नाहीच.

नाना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, मी इतिहास. निवृत्तीनंतर दाना ओली या मोहल्ल्यातल्या त्यांच्या बैठकीत आमचा संध्याकाळचा चहा ठरलेला, आणि बहुतेक वेळा विषयही. उत्क्रांतीचा सिद्धांत आल्यावर युरोपातल्या शहाण्यांनी त्याचं काय केलं... आधी पाद्री चिडले, कारण माकड नात्यातलं निघालं. मग त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी जुळवून घेतलं; देवानंच सृष्टी सावकाश घडवली, म्हणाले. वंशाच्या बाबतीत मात्र फारशी अडचण आली नाही. गोरे वर, बाकीचे खाली ही उतरंड आधीपासून होतीच, तिला आता विज्ञानाचा कोट मिळाला. "सिद्धांतात झाड होतं," नाना म्हणत, "फांद्या सगळीकडे फुटलेल्या. यांनी त्याची शिडी केली आणि वरच्या पायरीवर स्वतः जाऊन बसले. देवाचं आसन हललं, यांचं नाही."

मुरार छावणीतल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी डोकं मोजायचा जुना पितळी चिमटा आणला होता. एके काळी असल्या चिमट्यांनी माणसांची प्रत ठरवत. नाना त्यात विजेची बिलं अडकवत.

पुढे त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायला समिती बसली. पूर्वज दरबारात कारकून होते. समितीच्या बोलण्यात ते मुत्सद्दी झाले होते. अध्यक्ष शाल-नारळ घेऊन प्रस्तावना मागायला आले आणि वंशवृक्षाचा कच्चा तक्ता पसरला. इतर मुलींपुढे जावई, नातवंडं होती. मुग्धापुढे कोरं. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं.

"बुद्धी आपल्या रक्तातच आहे, नाना. डोक्याची घडण बघूनच कळतं," अध्यक्ष म्हणाले.

"मोजू या की." नानांनी बिलं बाजूला ठेवली. अध्यक्षांनी खुशीत टोपी काढली. नानांनी दोन्ही बाजूंनी निवांत मोजलं.

"किती आलं?"

"तुम्हाला किती हवंय?"

अध्यक्षांनी टोपी घातली.

"तिकडेही असंच मोजायचे," नाना म्हणाले. "उत्तर आधी, डोकं नंतर. माझ्या लेकीची फांदी छापा, प्रस्तावना उद्या देतो."

"असं केलं तर उद्या सगळेच मागतील, नाना."

"मागू देत. झाडच आहे ना?"

पुस्तक प्रस्तावनेविना आलं, आणि फांदीविनाही. मुग्धा म्हणाली, "जाऊ द्या ना बाबा, क्या फर्क पड़ता है." "मला पडतो," इतकंच ते बोलले. मग त्यांनी तो वंशवृक्ष चक्क फ्रेम करून बैठकीत लावला. मला वाटलं, थकले. दुसऱ्या दिवशी गेलो तर मुग्धाच्या नावापासून काळ्या मार्करची रेघ निघून काचेवरून, चौकटीवरून थेट भिंतीवर गेली होती. तिथं जावयाचं नाव, त्याखाली नातीचं, ईरा. दर दिवाळीला रंगवाल्याला तेवढी भिंत वर्ज्य असे.

नानांच्या माघारी ही पहिलीच दिवाळी; गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मुग्धा घराला रंग लावून घेत होती. चिमटा टेबलावर होता, त्यात या महिन्याचं बिल. रंगवाल्यानं फ्रेम उतरवून खाली ठेवली होती. सगळे पूर्वज जमिनीवर, भिंतीशी टेकलेले. वर भिंतीवर फक्त एक रेघ आणि दोन नावं.

"दीदी, इसको भी मार दूँ?" त्यानं रेघेकडे ब्रश उचलून विचारलं.

"नहीं भैया, उतना छोड़ दो."

"दाग दिखेगा."

"दिखने दो," मुग्धा म्हणाली.