दुप्पट टोल
गरम डांबराचा वास आला की मला पोलादपूरकडचा तो टोलनाका आठवतो, जिथे लग्नाआधी मी वर्षभर खिडकीत बसून वसुली केली. रस्ता अर्धाच झाला होता, पुलाजवळ नुसती खडी उखडलेली होती, पण टोल पहिल्या दिवसापासून पुरा होता. एका दुपारी पत्रा तापलेला असताना भाड्याची एक गाडी समोर थांबली. मागच्या सीटवर माझे सख्खे काका आडवे होते, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. आठवड्यापूर्वी आमच्याच नाक्यापुढच्या खड्ड्यात त्यांची स्कूटर आपटली होती आणि महाडच्या दवाखान्यातून ते कापड्याला घरी निघाले होते. ड्रायव्हरच्या फास्टॅगमध्ये पैसे नव्हते, म्हणजे नियमाने दुप्पट टोल. काकी म्हणाली, "बाय, ह्याच रस्त्यानं पाय मोडला यांचा. सोड गो आमाला." माझ्या मागे सुपरवायझर उभा होता. मी मान खाली घालून रक्कम सांगितली. काका काकीला म्हणाले, "दे गो. तिची नोकरी हाय, तिला कशाला अडचणीत घालतेस?" काकीने नोटा माझ्या हातात न देता खिडकीच्या कडेवर ठेवल्या, आणि गाडी खडीवरून हेलकावे खात निघून गेली. रस्त्यासाठी पैसे द्यायला माझी आजही ना नाही, पण आधी रस्ता द्या आणि मग मागा, एवढं त्या सुपरवायझरला म्हणायची हिंमत मला झाली नाही. काका अजून लंगडतात आणि माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात. काकीने मात्र त्यानंतर माझ्या हातचा चहा घेतलेला नाही, आणि मला तिचंच बरोबर वाटतं.