म्हशीला चाललं पायजे असं स्टूल

शेडीतला भुसा रोज झाडून काढता येतो, किस्से न्हाई. ते साठतच जात्यात. पुनावळ्यात आमच्या गोठ्याला लागून पत्र्याची शेड हाय, तिथं आमी तिघं बारकी स्टुलं आन पाट करतो. मी, दत्ता आन वैशालीताई. दत्ता चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होता, त्यामुळं खोक्यांचं लाकूड कुठं मिळतं ते त्याला ठाऊक. वैशालीताई शेजारच्या. विणायचं, गुंडाळायचं, शिवायचं काम त्यांचं. आन मी? मी ठोकतो. खिळे पण आन माणसं पण, असं दत्ता म्हणतो.

हे सगळं सुरू झालं माझ्या वडलांच्या, आण्णांच्या गुडघ्यामुळं. डॉक्टर म्हणला, उकिडवं बसायचं बंद. आता आमच्यात म्हैस राहिलीय एकच, आन ती आण्णांशिवाय कुणाला थेंब देत न्हाई. मी बसलो एकदा. अर्धा तास तिला वाट्टंल ते बोललो. तिनं फक्त शेपूट मारलं तोंडावर.

धाकटा भाऊ म्हणला, "विकून टाकू. महिनाअखेरीला चाकणच्या बाजारात नेतो."

आण्णा वाकून, एका हातानं खांब धरून, दुसऱ्या हातानं धार काढत ऱ्हायले. मला ते बघवंना. म्हणलं, "आण्णा, बुटकं स्टूल करतो. त्याच्यावर बसून काढा."

"कर," आण्णा म्हणले. "पण हिला चाललं पायजे."

*

पहिलं स्टूल खोक्याच्या लाकडाचं, चार पायांचं. टेप कुणाकडं होती? दोन पाय मी माझ्या वितीनं मोजून कापले, दोन दत्तानं त्याच्या. दत्ताचा हात म्हंजी फावडं. स्टूल उभं केलं तर घसरगुंडी झाली. मी हातोडा फेकला.

दत्ता म्हणला, "तुझी वीत बारकी, त्याला मी काय करू राव?"

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटच्या टॉवरमधल्या मॅडम दूध न्यायला आल्या. स्टुलाकडं बघून म्हणल्या, "दादा, हे हँडमेड आहे का?"

"मंग काय पायानं केलंय?"

दत्तानं डोक्याला हात लावला. पण मॅडम हसल्या. कुंडी ठेवायला पायजे म्हणल्या.

मी म्हणलं, "तिरकं हाय ते."

"म्हणूनच आवडलं."

त्या स्टूल घेऊन गेल्या आन आमचा धंदा सुरू झाला. आण्णा तसेच वाकलेले.

*

मंग स्कूटरचे दोन जुने टायर एकावर एक बांधले. वर प्लायची चकती, आन सगळ्याला गच्च सुतळी गुंडाळायची. वैशालीताईंनी दोन दिवस लावले. अशी गुंडाळली की कुठं फट दिसंना. आण्णांनी बसून बघितलं. मान हलवली. मला वाटलं, जमलं.

स्टूल गव्हाणीजवळ ठेवून आण्णा बादली आणायला गेले. आले तवर म्हशीनं सुतळीचं टोक धरलं होतं. आमी पळालो, पण निम्मं स्टूल तिच्या पोटात.

"हिला चाललं की," आण्णा म्हणले. "पण मी बसू कशावर?"

मला असला राग आला. वैशालीताईंना म्हणलं, "दोन दिवसाचं काम गेलं, आन हसताय काय?"

ताई म्हणल्या, "चवीनं खाल्लं हो दादा. माझ्या घरात माझ्या हातचं असं कुणी खात नाही."

*

तिसऱ्या बारीला रंगाचा रिकामा डबा पालथा घातला. वर जुन्या साडीची, चिंध्या भरलेली गादी. आण्णा बसले, धार लागली, आन बादली डब्याला लागली. ठण्ण. म्हैस उडाली. खांब होता म्हणून आण्णा वाचले. दूध सगळं फरशीवर.

भाऊ दारात उभा होता. म्हणला, "परवा टेम्पो सांगितलाय."

मी त्याच्या अंगावर गेलो. दत्तानं मागनं शर्ट धरला. "डब्याचा राग भावावर कशाला काढतो?"

डबा एका आयटीवाल्या पोराला दिला. तो म्हणला, "दादा, याचा आवाज येतो का?"

"बसून करणार काय?"

"मीटिंग."

"मंग चालतंय. तिथं म्हैस नसती."

तो डबा काखेत मारून म्हणला, "तसं काही सांगता येत नाही."

*

राहिला एक दिवस. गोठ्यातली फरशी खालीवर, चार पायांचं कायबी ठेवलं की डुगडुगायचं. मी एक पाय कापायचो, की दुसरा मोठा. तो कापला, की तिसरा. दुपारपर्यंत स्टुलाचा पाट झाला. दत्ता माझ्यासमोर यायचा बंद झाला.

वैशालीताई बघत होत्या. म्हणल्या, "दादा, चुलीला दगड किती?"

"तीन. का?"

"चूल कधी डुगडुगलेली बघितली का?"

मी करवत खाली ठेवली. मंग पुन्हा उचलली.

सकाळी टेम्पो दारात आला. आण्णांनी तीन पायांचं स्टूल म्हशीजवळ ठेवलं, टेकले, कपाळ तिच्या कुशीला लावलं. म्हैस रवंथ करत ऱ्हायली. बादलीत धार वाजायला लागली, दोन्ही हातांची. आमी कुणी हाललो न्हाई. भाऊ बराच येळ बघत ऱ्हायला. मंग बाहेर गेला, टेम्पोवाल्याला चहा पाजला आन लावून दिला.

बादली भरल्यावर आण्णा उठले. म्हणले, "बरं झालंय. आजून एक कर."

"आजून एक कशाला?"

"उद्यापासनं माझ्याशेजारी बसायचं तू. आन तोंड बंद ठेवायचं. म्हैस हाय ती, गिऱ्हाईक न्हाई."