मामांनी नाव घेतलं

विष्ठेचा इतका दर्दी माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, हे मी आमच्या मामेसासऱ्यांबद्दल पैजेवर सांगतो. छावणीतल्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी शेंद्र्यापलीकडच्या एका बोडक्या टेकडीला वाहून टाकलं. लोकांच्या खिशात पानसुपारी असते, मामांच्या खिशात लेंड्या. माझ्या लग्नाचा बस्ता गुलमंडीत चालला होता, तेव्हा त्यांनी दुकानदाराच्या गादीवर एक पुडी सोडली. आत खडूसारखं पांढरं काहीतरी होतं. हाडं खाणाऱ्या जनावराचं असंच पांढरं असतं, असं ते कौतुकाने सांगेपर्यंत दुकानदाराने ते हातात घेऊन हुंगलंही होतं. शालू आम्हाला दुसऱ्या दुकानात घ्यावा लागला.

हे जनावर म्हणजे तरस. टेकडीखालच्या गावात मात्र त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की ते बीळ सोडून नाव घेणाऱ्याच्या दाराशी येतं म्हणतात. म्हणून नुसतं 'ते' म्हणायचं. जन्मभर पोरांना अंधश्रद्धेचे तोटे शिकवलेले मामाही 'ते'च म्हणत, आणि मी त्यांची यथेच्छ टर उडवत असे. एकदा उन्हं कलल्यावर ते मला टेकडीवर घेऊन गेले. तासभर काहीच दिसलं नाही. मध्येच मामा थबकले, मागे बघू नका म्हणाले आणि चालू लागले. परतताना त्याच वाटेवरच्या फुफाट्यात माझ्या बुटाच्या ठशावर पंजाचा ठसा उमटलेला होता. एका नव्हे, प्रत्येक ठशावर. टर उडवणं मी त्या दिवशी सोडलं.

पुढे त्या टेकडीवर खडी-मुरमाची खाण काढायचं घाटू लागलं. खाणीमुळे रानातल्या जिवांचं काय होईल हे पाहायला शहरातून एक बाई आल्या. इथे तरस आहे का, असं त्यांनी घरोघर विचारलं. प्रत्येक जण घाईघाईने "नाय, नाय" करी आणि नाव घेऊ नका म्हणून हात जोडी. गावात बसलेल्या मामांनाही त्यांनी विचारलं. सवयीने मामांच्या तोंडूनही तेच "नाय, नाय" निघालं. अहवालात छापून आलं, तरस आढळत नाही. ते वाचून मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

जनसुनावणीला गावच्या शाळेपुढे मांडव घातला होता. कुणाची हरकत आहे का, असं साहेबांनी विचारल्यावर मामा उठले.

"तरस हाय," ते म्हणाले. "मीच नाय म्हणलो होतो, ते चुकलं माझं. तरस हाय, अन् टेकडी फोडली तर ते जगायचं नाय."

म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. सकाळपासून मांडवामागे भांडणारी गावची कुत्री एकाएकी गप्प झाली, ती सुनावणी संपेपर्यंत. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि मामांचं म्हणणं लिहून घेतलं. पुन्हा पाहणी करायचं ठरलं.

खाण तूर्त थांबली आहे. मामा मात्र त्यानंतर टेकडीवर गेलेले नाहीत. टेकडीवर न्यायची स्कूटर रोज पुसतात आणि जागच्या जागी ठेवतात. परवा संध्याकाळी गेलो तर घराचं फाटक सताड उघडं आणि मामा ओट्यावर. मी फाटक लावायला वळलो, तसे ते हळूच म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. माझ्यापायी बीळ सोडून आलंच, तर त्याला बंद फाटक नको."

मला त्या उघड्या फाटकाची भीती वाटली, आणि मामांबद्दल फार माया वाटली. मी फाटक लावलं नाही.