चौदा घरांचा विषय

हेमाने शोधनिबंधासाठी आणलेले तीन विषय सरांनी ओळीने उडवले. ‘कोकणातील स्थलांतर’, ‘कोकणातील शेती’, शेवटी नुसतीच ‘कोकणातील स्त्री’! “अगं, जन्म जाईल एवढ्यात,” सर म्हणाले. “सोमवारपर्यंत नेमका विषय नाही, तर पेपर नाही.” पेपर नाही म्हणजे एम.ए. लटकलं, आणि घरी लग्नाची बोलणी टपूनच बसलेली.

रत्नागिरीच्या त्या कॉलेजात ग्रंथालयाचा शिपाई गंगाराम. त्याला तिची दया आली. “दिवसभरात चालून संपेल एवढाच विषय घे गो. तुझ्या वाडीत घरं किती?”

“चौदा.”

“मग झालं की!”

शनिवारी हेमा मंडणगडची एसटी धरून वाडीवर आली. चौदाही घरांतले बाप्ये मुंबईला. मग पावसात जोत, म्हणजे बैल-नांगर, धरतं कोण? तेरा घरांत एकच उत्तर मिळालं, “खालच्या वाडीतला गडी येतो.” वा रे गडी! एकटा तेरा घरांना पुरतो!

हेमाला आपल्या घरचं ठाऊक होतं. बाईने नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणे. म्हणून तिची आई हौसा गेली नऊ वर्षं नवऱ्याचा शर्ट चढवून, उजाडायच्या आत जोत धरत होती. शाळकरी हेमा बांधावर राखणीला बसायची. कुणी दिसलं की खोकायचं, एवढंच तिचं काम.

आईची बेअब्रू करून कसला अभ्यास? हेमाने वही मिटली. “आये, राहू दे. होऊ दे लग्न.”

हौसा तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “आपल्या घराचं खरं लिही. नावानिशी लिही. नऊ वर्षांत पाऊस रुसला काय माझ्यावर?”

हेमाला रडूच फुटलं. आईने तिला जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर चारचौघींत स्वतःच सांगून टाकलं.

हेमा परत निघाली तेव्हा शेजारची कमळाकाकी धापा टाकत थांब्यावर आली. “माझं कालचं उत्तर खोड गो. मीच धरते जोत.”

“तुम्ही? कधीपासून?”

“सात वर्षं झाली. तुझ्या आयेला कुडाआडून बघूनच शिकले.” काकी हसली. “तू बांधावर खोकायचीस ना, ते पार माझ्या पडवीत ऐकू यायचं.”

एसटी येईपर्यंत आणखी पाचजणी आल्या, आणि हेमाने त्यांचीही उत्तरं खोडली.