एक मायक्रोस्कोप, सहा जणी

आमच्या विज्ञान मंडळात नववीच्या सहा मुली आणि धड चालणारा मायक्रोस्कोप एकच. एक जण डोळा लावते तेव्हा उरलेल्या पाच जणींना बोलण्याशिवाय काम नसतं. त्यामुळे किस्से साठतात. मी फारसं बोलत नाही, म्हणून ते माझ्याकडेच जास्त साठलेत. त्यातले बहुतेक श्रावणीचे निघतात, त्याला मी काय करू!

सुरुवात बिराजदार मॅडमनी केली. कांद्याच्या मुळाच्या टोकाला पेशी सारख्या विभागत असतात. त्या वेळी आतला डीएनए आवळून गुंडाळला जातो आणि त्याच्या जाड काड्या दिसतात, तीच गुणसूत्रं. ती पेशीच्या मधोमध ओळीत उभी असलेली जिला सापडतील, तिला मॅडम कॉलेजच्या लॅबमध्ये नेणार होत्या. तिथल्या मायक्रोस्कोपखाली डीएनए निळा चमकतो. जागा एकच. मला ती हवी होती, पण मी कुणाला बोलले नाही.

*

एवढा लांब धागा एवढ्याशा पेशीत मावतो कसा, असं मॅडमनी विचारलं. तो हिस्टोन नावाच्या मण्यांवर गुंडाळलेला असतो, हे मी आदल्या दिवशीच पाठ केलं होतं. हात वर करावा की नको, हे माझं ठरेपर्यंत श्रावणी म्हणाली, "आमच्याकडं कांडीवर सूत भरतात, तसं असंल की मॅडम."

तिच्या वडिलांचे चादरीचे माग आहेत. मॅडमनी फळ्यावर कांडी काढली आणि इतकी वर्षं हे उदाहरण सुचलं कसं नाही, म्हणाल्या.

माझे बाबा क्लार्क आहेत. आमच्या घरी गुंडाळण्यासारखं काही नाही.

*

प्रत्येकीने घरी ग्लासभर पाण्यावर कांदा ठेवून त्याला मुळं आणायची होती. श्रावणीच्या आज्जी रोज सकाळी तिच्या कांद्याचं पाणी बदलत. कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी ग्लास देवघराशेजारी ठेवला होता.

माझ्या कांद्याला चौथ्या दिवशी सुरेख मुळं आली. शाळेतून परत आले तर ग्लास रिकामा. आई म्हणाली, "मुळं फुटली होती गं, म्हणून तोच आधी चिरला पिठल्याला."

*

मुळाचं टोक लाल रंगात बुडवायचं, काचेवर ठेवायचं आणि वरची पातळ काच अंगठ्याने हलकेच दाबायची, म्हणजे पेशी पसरतात. तुटलेलं सूत जोडून जोडून श्रावणीची बोटं हलकी झाली आहेत. माझ्या तीन काचा फुटल्या.

"अगं, भाकरी थापायची नाहीये," मॅडम म्हणाल्या. सगळ्या हसल्या. श्रावणी हसली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

*

एकदा मीही गुणसूत्रं मोजली. सतरा! वहीत नीट आकृती काढून मॅडमना दाखवायला रांगेत उभी राहिले. लॅब सांभाळणारे शिंदेमामा काचा पुसत होते. त्यांनी वहीत डोकावलं.

"कांद्याला सोळाच असत्यात की ताई. ह्यो सतरावा न्हाय, खूण दावायला भिंगात बसवलेला काटा हाय."

मी वही मिटली. मामा सातवी शिकलेत.

*

मग गुरुवारी श्रावणीला ती पेशी सापडली. ती मॅडमना बोलवायला धावली. बाकीच्या घरी गेल्या होत्या. मी डोळा लावला. प्रार्थनेला उभं राहावं तशी गुणसूत्रं मधोमध ओळीत उभी होती.

काच सरकवायच्या बाजूच्या चाकीला माझा हात लागला. लागला म्हणजे, मी लावला. उजवीकडे दोन वेढे.

मॅडम आल्या तेव्हा भिंगाखाली नुसत्या रिकाम्या पेशी. श्रावणी तासभर शोधत राहिली; इथंच होती म्हणत काच जराशी सरकवायची आणि पुन्हा तिथंच आणायची. शिंदेमामा कुलूप घेऊन दारात उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, राहू दे, तुला भास झाला असेल. श्रावणीचे डोळे भरून आले.

"मी बघू का?" मी म्हणाले आणि चाकी डावीकडे दोन वेढे फिरवली.

मॅडमनी पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "नजर असावी तर अशी." मी काही बोलायच्या आत श्रावणी डोळे पुसत म्हणाली, "हिलाच न्या मॅडम. मला तासभरात जमलं नाही, हिनं मिनिटात शोधलं."

आता रोज मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्याशेजारी बसते.

"मला पण शिकव की गं," म्हणते. "आधी कुठल्या बाजूला बघायचं?"