आधी पाळी, मग प्रश्न

शेजवळ मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ई-रिक्षातून उतरत होत्या आणि त्यांच्या काखेत खाकी कापडाचं घडीचं स्टूल होतं. चौकशी अधिकारी म्हणून कुणी निवृत्त उपसचिव बाई येणार, एवढंच मला कळलं होतं. मी फाइल छातीशी धरून रुग्णालयाच्या पोर्चमध्ये ताठ उभा होतो, गाडीची वाट बघत.

"मॅडम, चौकशीची खोली वर आहे. एसी लावून ठेवलाय."

"खोली कुठं पळून चाललीय? वॉर्ड दाखवा," त्या म्हणाल्या. "अहो सोनवणे, आधी पाळी, मग प्रश्न. डबा आणलाय ना? दोन वाजेपर्यंत उठायचं नाहीये."

ही त्यांची पद्धत होती. नर्स असो, वॉर्डबॉय असो की डॉक्टर, ज्याच्यावर आरोप असेल त्याच्या जागी आधी एक पूर्ण पाळी बसून काढायची. काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. मग सुनावणी. वरिष्ठ हसायचे. "मैडम जी पिकनिक पर निकली हैं," असं एकानं माझ्यादेखत म्हटलं होतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "आप भी आइए ना, आपका स्टूल नहीं है क्या?"

त्या मूळच्या संगमनेरकडच्या. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे लखनौला आल्या आणि इथंच राहिल्या. सरोजिनी नगरच्या त्यांच्या घरावरून विमानं इतकी खालून जात की बोलणं बुडायचं. मॅडम वाक्य मध्येच थांबवायच्या आणि विमान गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. मुली त्यांना हिंदीत उत्तर द्यायच्या, त्या मराठीतच विचारत राहायच्या. दोन्हीकडून माघार नाही. त्यांची स्वतःची हिंदी मराठीच्या हाताखाली शिकलेली होती. घाबरलेल्या आयाबाईला त्या "तुम घाबरो मत" म्हणायच्या आणि ती बाई हसून खरंच सावरायची.

आता प्रकरण सांगतो. एक म्हातारे गृहस्थ अकरा नंबरच्या खाटेवरून पडले, खुबा मोडला. मुलाची तक्रार होती की त्यानं हाक मारली तेव्हा सिस्टर सुनीता मोबाइल बघत होत्या, "एक मिनट" म्हणाल्या आणि आल्याच नाहीत. त्यानं त्याच वेळी काढलेला व्हिडिओही होता. त्यात सुनीता सिस्टर मान खाली घालून मोबाइलमध्ये बघताहेत, आणि शेवटी पडल्याचा आवाज. ड्यूटीवर मोबाइलशी खेळत बसल्या, असा आरोप. सिद्ध झाला असता तर नोकरी गेली असती, आणि बख्शी का तालाबच्या त्यांच्या घरात पगार त्यांचा एकटीचाच होता.

सुरुवातीचे जबाब मी घेतले होते, आरोपपत्र मी लिहिलं होतं. माझे वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली करत नाही. कागदानं मला इथवर आणलं, म्हणून कागदावर माझा विश्वास. आणि हा कागद मला एकदम पक्का वाटत होता.

वॉर्डात मॅडमनी दारापाशी स्टूल मांडलं. त्या दिवशी ड्यूटीवर दुसरी सिस्टर होती. छत्तीस खाटा, ती एकटी. तिचा फोन वाजला की मॅडम वहीत एक रेघ ओढायच्या. सिस्टर हातातली सलाईन अर्धवट टाकून फोन काढायची, खाटेचा नाहीतर मोरीचा फोटो घ्यायची, पाठवायची. समोरच्या खाटेजवळची बाई कुरकुरली, "दिन भर मोबाइल चलाती हैं ये लोग."

बारापर्यंत वहीत सतरा रेघा झाल्या. तेव्हा मात्र मॅडमनी नियम मोडला. "बेटा, ये फोटो किसको जाती है?"

"ग्रुप में, मैडम. चादर, सफाई, हाज़िरी, सबकी. टाइम से न जाए तो सबके सामने नाम आ जाता है."

मी हळूच म्हणालो, "मॅडम, सुनीताचं प्रकरण वेगळं आहे. तिनं असं काही सांगितलेलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

सुनावणीला सुनीता सिस्टर आल्या त्या उभ्याच राहिल्या. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि एकच प्रश्न केला, "उस मिनट में मोबाइल पर क्या था?"

सिस्टरनी पर्समधून फोन काढला. निलंबनानंतर त्यांना ग्रुपमधून काढलं होतं, पण जुने संदेश राहिले होते. त्या दिवशी वरून आलेला हुकूम होता: दहा पंचेचाळीसपर्यंत सगळ्या वॉर्डांच्या चादरींचे फोटो. दहा त्रेचाळीसला सुनीतांनी दहा नंबरच्या खाटेचा फोटो टाकला होता. हिरवी चादर, एक सुरकुती नाही. खाली साहेबांचा अंगठा, आणखी चौघांचे अंगठे.

मॅडमनी फोटो बोटांनी मोठा केला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. कडेला अकरा नंबरची खाट अर्धवट आली होती. तिच्यावरून खाली येणारा एक म्हातारा, सुजलेला पाय. जमिनीला अजून टेकलेला नव्हता. पाच जणांनी अंगठे दिले होते आणि पाय कुणाला दिसला नव्हता.

"ये पहले क्यों नहीं दिखाया?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चढलेला वाटला.

"किसी ने पूछा नहीं, सर. आपने पूछा था, मोबाइल हाथ में था कि नहीं. था."

तक्रार करणारा मुलगाही तिथंच बसला होता. माझी जीभ वळवळली. वडील उतरत होते तेव्हा तुझ्याही हातात मोबाइलच होता ना, असं विचारायला मी तोंड उघडलं. मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल दाबली. मुलगा गेल्यावर म्हणाल्या, "ते त्याला ठाऊक आहे, सोनवणे. जन्मभर पुरेल त्याला. आपण कशाला वाढायचं?"

सुनीता सुटल्या असं मी धरून चाललो होतो. पण मॅडमनी अहवालात लिहिलं: मोबाइलशी खेळल्याचा आरोप सिद्ध होत नाही, रुग्णासाठी हाक आली असता न उठल्याचा होतो, ताकीद द्यावी. फोटोंचा हुकूम काढणाऱ्यांनाही जाब विचारावा.

"मॅडम, तिची काय चूक? हुकूम होता," मी म्हणालो. आता मी तिचा वकील झालो होतो!

"हाक आली होती. ती म्हणाली, एक मिनट. त्याचं थोडं ओझं तिनं घेतलंच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तिला विचारा, तीही हेच म्हणेल."

मी विचारलं. सुनीता सिस्टर म्हणाल्या, "मैडम ने सही लिखा है, सर. रात को वही 'एक मिनट' सुनाई देता है."

अहवाल फेरविचारासाठी परत आला. शेवटचं वाक्य गाळावं, असं तोंडी सुचवलं गेलं. मॅडमनी तोच अहवाल, तेच वाक्य, नव्या तारखेनं पाठवला. सिस्टर कामावर परतल्या. फोटोंचा हुकूम काही महिन्यांनी गुपचूप बंद झाला. मॅडमकडे त्यानंतर एकही चौकशी आली नाही. "बरं झालं, गुडघे दुखायचेच," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टूल बाल्कनीत टाकून त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

मागच्या थंडीत मॅडम गेल्या. सकाळी धाकट्या मुलीचा फोन आला, "अंकल, आई नहीं रहीं." तिथं पोचल्यावर मला पहिली आठवण सुनीता सिस्टरची झाली. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. चितेला अग्नी दिला तरी पलीकडून उत्तर नाही. मला रागच आला. जिच्यासाठी या बाईनं आपलं काम घालवलं, तिला फोन उचलायला होऊ नये?

दोन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "माफ़ कीजिए सर, ड्यूटी में फोन अलमारी में रहता है. अभी खोला."

मी बातमी सांगितली. ती नाक ओढत म्हणाली, "अच्छा हुआ सर, बाद में पता चला. वार्ड छोड़कर भागती तो मैडम मुझे वहीं डाँटतीं."

मग तिनं विचारलं, "सर, ये सात मिस्ड कॉल आपके ही हैं?"

माझेच होते. सगळे ड्यूटीच्या वेळेतले.