आमच्या दिवाळीचं पान

माझ्या नातवंडांनो, रेवा, नील,

हे आत्ताच लिहिते. माहितीकोशातलं आपल्या दिवाळीचं ते पान तुम्ही पुन्हा उघडाल तेव्हा त्यावरचं वाक्य तिथे कसं आलं, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

रेवा, शाळेच्या प्रकल्पासाठी तू आपल्या जिल्ह्याच्या ऑनलाइन माहितीकोशातून एक वाक्य उतरवलंस आणि फोनवर मला कौतुकाने वाचून दाखवलंस. ‘डोंगरातील लोकांना तिथीचे ज्ञान नसल्याने त्यांची दिवाळी प्रत्येक गावात वेगळ्या दिवशी होते.’ तुझा दोष नाही. पण तुझ्या तोंडून ऐकलं आणि अंगाची आग झाली.

कोश सगळ्यांचा. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, असं पहिल्याच पानावर आहे. मी दुरुस्त केलं. पीक घरात आलं की गाव बैठकीला बसतं. शेजारच्या गावांचे दिवस बघून आपला दिवस ठरवतं. मुद्दाम वेगळा. म्हणजे आपल्याला त्यांच्या दिवाळीला जाता येतं, त्यांना आपल्या. एवढंच लिहिलं. संध्याकाळी पुसलेलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

मग लोणखेड्याला कोशात लिहिणाऱ्यांची बैठक झाली. कोशाचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी माझं वाक्य पडद्यावर मोठं करून दाखवलं.

“ही कोणाची कारागिरी?”

मी उभी राहिले.

“मावशी, याला आधार काय?”

माझ्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका सगळ्या मॅडम. मी मावशी. म्हसावदला जन्मभर इंग्रजी शिकवलं मी. या सरांची मुलगीही माझ्याच वर्गात होती.

“माझं गाव आहे, सर. दिवस ठरतो त्या बैठकीत मी बसलेय.”

“बसला असाल. छापील काही आहे का?”

त्यांच्या वाक्याला छापील आधार होता. त्यांचीच पुस्तिका.

“असं करा, तुम्ही सांगत जा, आम्ही लिहू. आणि पुढच्या कार्यक्रमाला तुमच्या बायकांचा नाच ठेवू. चांदीचे दागिने घालून या म्हणावं.”

सभागृह हसलं. मागून एकजण अहिराणीत ओरडला, “बठी जाय ना वं माय, चहा थंडा व्हई ऱ्हायना!” बस ना बाई, चहा गार होतोय म्हणे. आणखी हसले.

मी बसले. हो, बसले.

चहाच्या वेळी सर जवळ आले. आवाज मऊ. “रागावू नका. माहिती देणाऱ्यांत तुमचं नाव टाकतो.”

“नका टाकू. मी माहिती देणारी नाही. लिहिणारी आहे.”

कप भरलेलाच ठेवला आणि निघाले.

तशीच वर गावी गेले. वहिनीला सगळं सांगितलं. ती शाळेची पायरी चढलेली नाही. ऐकून माझ्यावरच उसळली. बोलली आमच्या पावरी भाषेत. तुम्हाला ती येत नाही म्हणून इथे मराठीत लिहिते, आणि तेही मला सलतं.

“एकटी कशाला गेलीस मार खायला? घर शाकारायला एकटी चढतेस का? लाह बोलव!”

लाह म्हणजे एकाच्या घराचं, शेताचं काम सगळ्यांनी येऊन करायचं. मजुरी नाही. त्या दिवशी जेवण, उद्या आपण त्याच्याकडे.

बोलावली. आसपासच्या गावांतून लोक आले. टेकडीवर रेंज येते, तिथे बसलो. प्रत्येक गावाने आपल्या दिवाळीचं आपण लिहिलं. वाघदेवाला आधी काय चढवायचं यावरून दोन गावांत जुंपली. दोघांचंही लिहिलं. वहिनीने भाकरी थापल्या आणि बजावलं, “लिहिलं नाही त्याला वाढणार नाही.”

सर पुसू लागले. एका गावाचं पुसलं की दुसऱ्या गावाचा कोणीतरी टेकडी चढतो आणि परत घालतो. शेवटी त्यांचा फोन आला.

“मॅडम, हे काय चालवलंय तुमच्या लोकांनी?”

“कोणीही लिहावं, असं तुम्हीच लिहिलंय, सर.”

आता मॅडम म्हणाले, म्हणून काही फिटलं नाही. मी माफ केलेलं नाही, करणार नाही. ते पुसतील तितक्यांदा आम्ही लिहू. मी नसेन तेव्हा टेकडी चढणारे आहेत.

रेवा, तुझ्या प्रकल्पातलं ते वाक्य खोड. शिक्षकांनी आधार विचारला तर माझं नाव सांग. माझ्या गावाचंही.

आज सकाळी पान उघडून पाहिलं. आमचं वाक्य तिथे आहे.